आई-बाबांना घेऊन बाडेन-बाडेनला तीन दिवस निवांत राहावं, की त्याच वेळात हायडेलबर्ग आणि स्ट्रासबुर्गही करावं?

बाडेन-बाडेन हे जर्मनीतलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथे जा आणि तिथेच राहा. हायडेलबर्ग आणि स्ट्रासबुर्ग यादीतून काढून टाका.

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा पासष्टीच्या पुढचे आहेत, पहिल्यांदाच युरोपात येतायत, आईंचे गुडघे दुखतात, आणि घरातले विचारतायत की एवढ्या लांब आणून त्यांना नुसतं पाण्यात बसवणार का. ते शेवटचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. माझी आई इकडे आली तेव्हा दादाने फोनवर मला अगदी हेच ऐकवलं होतं. तो वाद आमच्या घरात आजही मिटलेला नाही.

मी कार्ल्सरूहला राहते. इथून बाडेन-बाडेन गाडीने वीसेक मिनिटांवर आहे. आई यायची ठरली तसा दादाने पुण्याहून एक तक्ता पाठवला. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, ऱ्हाइनचा धबधबा, लुत्सर्न, टिटलिस. जवळपास रोज नवं हॉटेल, सकाळी सातला बॅगा खाली. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून शिकवलेली बाई, दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, जिना चढताना कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर थांबणारी. तिला बसमधून उतरवायचं, फोटो काढायचा, पुन्हा चढवायचं. मी स्पष्ट नाही म्हणाले. दादा म्हणाला, "आई काय पुन्हा पुन्हा येणार आहे का? आणि गरम पाणीच हवं असेल तर तुरळला काय कमी आहे? तेही फुकट."

तुरळचं नाव त्याने काढायला नको होतं. आईचं माहेर संगमेश्वरकडचं. तुरळ आणि राजवाडीची कुंडं तिच्या लहानपणातली. तिची आजी संधिवाताने आखडलेले हात घेऊन राजवाडीला जायची आणि परत येताना स्वतःच्या हाताने वेणी घालायची, हे आईने आम्हा दोघांनाही सांगितलेलं आहे. म्हणजे गरम पाण्याने काय होतं हे जिला सगळ्यांत आधी कळेल अशी व्यक्ती आमच्या घरात तीच होती. दादाला तो फुकट आणि विकतचा प्रश्न वाटला. मला विचाराल तर त्या बाईला तिच्या ओळखीच्या गोष्टीकडे नेण्याचा प्रश्न होता.

बाडेन-बाडेनचं पाणी म्हणजे गावामागच्या फ्लोरेंटिनरबेर्ग टेकडीतून येणारे झरे. जमिनीतून निघताना ते ६८ अंशांपर्यंत तापलेलं असतं आणि चवीला खारट असतं. रोमन सैन्याने इथे स्नानगृहं बांधली आणि त्यांचे अवशेष आजही फ्रीडरिशबाड या जुन्या स्नानगृहाच्या खाली बघायला मिळतात. ज्या रचनेने जमिनीखाली उष्णता पोहोचवून सैनिकांसाठी दगडी फरशी तापवली जायची, ती तिथे उघडी दिसते. आई तिथे बराच वेळ उभी होती. आपल्याकडे कुंडाशेजारी देऊळ असतं, इथे छावणी होती, एवढंच ती म्हणाली.

पुढे एकोणिसाव्या शतकात सगळ्या युरोपातले राजे, सरदार, लेखक उन्हाळ्यात इथे येऊन राहू लागले. फ्रीडरिश वाइनब्रेनरने कुरहाउस हे पाहुण्यांच्या करमणुकीचं सभागृह बांधलं, बेनाझे कुटुंबाने तिथला कॅसिनो भरभराटीला आणला. रशियन लेखक दोस्तोयेव्स्की इथल्या जुगारात पैसे गमावून बसला, तुर्गेनेव्हने तर इथे घरच केलं, आणि ब्राम्स १८६५ ते १८७४ या काळात उन्हाळ्याला गावाच्या लिश्टेंटाल भागातल्या एका घरात राहून संगीत लिहायचा. ते घर अजून जपलेलं आहे. १८७२ च्या अखेरीस जर्मन साम्राज्यात जुगारावर बंदी आली तेव्हा गावाची कमाईच थांबायची वेळ आली. मग गावाने सगळा भर पाण्यावर दिला, आणि १८७७ मध्ये फ्रीडरिशबाड उघडलं. मला या गावाबद्दल सगळ्यांत जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो. पैसा निघून गेला तेव्हा ते मूळच्या पाण्याकडे परत आले. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या ११ स्पा शहरांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हे गाव आहे. जर्मनीतली बाकीची दोन म्हणजे बाड एम्स आणि बाड किसिंगन.

आता आईचं. आम्ही गेलो ते काराकाला थेर्मेमध्ये. ती इमारत १९८५ ची आहे, आत मोठे हौद, एक भाग बाहेर उघड्यावर, पाणी साधारण ३२ ते ३८ अंश. इथे पोहण्याचे कपडे घालूनच उतरायचं असतं, साधे सुती कपडे कुठल्याच जर्मन तरणतलावात चालत नाहीत. मला हे माहीत होतं, म्हणून आईला पुण्याहूनच पोहण्याच्या कापडाचा, बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंत येणारा पोशाख घेऊन यायला सांगितलं होतं. तो तिने बॅगेच्या तळाशी घडी करून ठेवला होता आणि आदल्या रात्रीपर्यंत "मी काठावर बसेन गं, तू जा" हेच चाललं होतं. "ह्या वयात काय हे" हे तिचं दुसरं वाक्य. जिने जन्मात साडीशिवाय चारचौघांत पाऊल टाकलेलं नाही तिच्यासाठी ती लहान गोष्ट नव्हती, आणि मी तिला घाई केली नाही.

कपडे बदलायच्या खोलीतून ती टॉवेल छातीशी धरून बाहेर आली. मग तिने आजूबाजूला पाहिलं. तिथे तिच्याच वयाच्या बायका होत्या. एकीच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियेच्या लांब खुणा, एकीची पाठ वाकलेली, एक नवऱ्याचा हात धरून एकेक पाऊल टाकत चाललेली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आईने टॉवेल खुंटीला अडकवला आणि कठडा धरून पायऱ्या उतरायला लागली.

छातीपर्यंत पाणी आल्यावर ती थांबली. मग चालायला लागली. सरळ. लंगडत नव्हती. पाण्यात शरीराचं वजन पायांवर फारसं येत नाही, त्यामुळे झिजलेल्या सांध्यावरचा भार उतरतो, हे मला पुस्तकातलं ठाऊक होतं. पण आपल्या आईला ते होताना बघणं वेगळं असतं. तिने हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली, वळली, आणि मला म्हणाली, "अगं, दुखत नाहीये." मग बाहेरच्या हौदात गेलो. हवा गार, पाण्यावर वाफ. तिथे उंचावरून खांद्यावर पाण्याची जोरदार धार पडते, तिच्याखाली आई डोळे मिटून उभी राहिली, आणि रांगेत मागे कोणी आहे का हे वळून बघायचंही विसरली. आयुष्यभर दुसऱ्याला जागा करून देणारी बाई ती. एका जर्मन आजींशी तिच्या गप्पा झाल्या. दोघींनी एकमेकींना गुडघे दाखवले, हाताने जिना दाखवला, माना हलवल्या. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती.

दुपारी ती झोपली. ताडकन उठून चहाचं बघायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही, अशी दुपारची झोप. संध्याकाळी ओस नदीच्या काठाने लिश्टेंटालर आले या झाडांच्या रस्त्यावर फिरायला गेलो. सव्वादोन किलोमीटरच्या आसपास आहे तो, पूर्ण सपाट, थोड्याथोड्या अंतरावर बाक, जुने प्रचंड वृक्ष, पलीकडे गुलाबांची बाग. १८६१ मध्ये प्रशियाच्या राजावर, पहिल्या विल्हेल्मवर, एका विद्यार्थ्याने गोळी झाडली ती याच रस्त्यावर. राजा थोडक्यात बचावला. पुढे १२४५ मध्ये स्थापन झालेला मठ आहे, जोगिणी आजही तिथे राहतात. आई बसत, उठत, बसत त्या मठापर्यंत गेली.

रात्री दादाचा फोन. "आज काय काय पाहिलं?" आई म्हणाली, "काही नाही. पाण्यात होते, मग झोपले, मग फिरायला गेले." दादा माझ्यावर चिडला. आईला घरीच बसवून ठेवायचं होतं तर व्हिसा कशाला काढला, असं म्हणाला. मला याचा अजून राग आहे आणि तो मी लपवणार नाही. आईला काय हवं हे तिलाच न विचारता तक्ता बनवायचा आणि त्याला आईची हौस म्हणायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. परत गेल्यावर चार लोकांत सांगायला किती देश झाले, याची ती यादी असते. म्हातारं माणूस थकलं तरी मुलाचं मन मोडू नये म्हणून गप्प राहतं. जर्मन लोक काही बाबतीत रुक्ष आहेत, पण इथे विश्रांतीला उपचार मानतात. डॉक्टर लिहून देतो, मंजुरी मिळाली की आरोग्य विमा किंवा पेन्शन विमा साधारण तीन आठवड्यांच्या पुनर्वसनाचा मोठा खर्च उचलतो, आणि माणूस ताठ मानेने सांगतो की मी उपचाराला चाललोय. आपल्या आयांना असं ताठ मानेने कधी सांगता आलं?

असो. तुमच्या कामाचं सांगते. फ्रीडरिशबाड फार सुंदर आहे, घुमटाखालचा हौद बघण्यासारखा आहे. गरम हवा, वाफ, साबणाचं मालिश, कोमट आणि मग गार पाणी अशा १७ टप्प्यांतून नेतात. पण तिथलं पारंपरिक स्नान पूर्ण विवस्त्र असतं, आणि बऱ्याच दिवशी स्त्री-पुरुष एकत्र. आई-बाबांना तिथे नेऊ नका. तुम्हाला एकट्याला जायचं तर वार आणि नियम त्यांच्या वेबसाइटवर बघून जा. काराकालामध्येही वरच्या मजल्यावर सौना आहे, तिथेही कपडे चालत नाहीत. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, चुकून जिना चढले तर बिचारे दिवसभर संकोचून राहतील. खालच्या हौदांना हा प्रश्न नाही. तिकीट तासांवर असतं. स्लिपर आणि प्रत्येकी दोन टॉवेल न्या.

स्टेशन गावात नाही, ओस भागात आहे, तिथून २०१ नंबरची बस थेट मध्यात सोडते. गावातलं जुनं स्टेशन आता फेस्टश्पीलहाउस या भल्यामोठ्या संगीतगृहाचं प्रवेशद्वार आहे. मेर्कुर डोंगरावर (६६८ मीटर) १९१३ मध्ये सुरू झालेली दोरखंडाची रेल्वे जाते, गुडघे दुखणाऱ्यांनाही वरून ब्लॅक फॉरेस्ट दिसतो. एक सकाळ त्याला द्या. कुरहाउस आणि ट्रिंकहाले (झऱ्याचं पाणी प्यायचा जुना मंडप) शेजारी शेजारी आहेत, दुपारच्या चहानंतर तेवढंच पुरे. शाकाहारी असाल तर केझेश्पेत्सले (चीज घातलेल्या जाड शेवया) मागवा, फ्लामकुखन (पातळ, पिझ्झासारखी पोळी) मागवताना डुकराचं मांस नको असं स्पष्ट सांगा, आणि ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू असते हे बाबांना खाण्याआधी सांगा.

खर्चाचं विचारलंत. गाव महाग आहे, यात वाद नाही. मध्यवस्तीतलं हॉटेल परवडत नसेल तर लिश्टेंटालला किंवा ओसला राहा, बस सारख्या असतात. खोलीच्या भाड्यावर माणशी वेगळा कर लागतो, तो धरून चाला. आणि फार गर्दी, झगमगाट नको असेल तर फ्रायबुर्गच्या दक्षिणेला बाडेनवायलर बघा. म्युलहाइमला उतरून बस. छोटं गाव, रोमन स्नानगृहाचे फार चांगले टिकलेले अवशेष, शांत बाग. रशियन लेखक चेखॉव १९०४ मध्ये तिथेच वारला. कमला नेहरू १९३५ मध्ये तिथे उपचारासाठी होत्या, अल्मोड्याच्या तुरुंगातून सुटून नेहरू त्यांच्याकडे तिथेच आले, आणि आत्मचरित्राचा ताजा कलम त्यांनी त्या गावातून लिहिला. तुमच्या बाबांना वाचनाची आवड असेल तर त्यांना ते गाव जास्त आवडेल.

हे मी आधीच लिहायला हवं होतं, पण आता तरी नीट वाचा: रक्तदाब, हृदयाचा त्रास, पायावर मधुमेहाची जखम, यातलं काहीही असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांच्या वर गरम पाण्यात राहू देऊ नका, मध्ये बाहेर काढून आडवं करा, पाणी पाजा. उपाशीपोटी नको, भरल्या पोटीही नको. आणि झिजलेला गुडघा यातून बरा होत नाही. आईचा झालेला नाही. भारतात परतल्यावर तिची शस्त्रक्रिया करावीच लागली.

घरच्यांना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. काही सांगू नका, आईंना विचारा. एकट्यात, बाबा आणि भावंडं समोर नसताना. त्यांनी स्वतःहून स्ट्रासबुर्गचं कॅथीड्रल बघायचंय म्हटलं तर जरूर न्या, तासाभराच्या अंतरावर आहे. नाही म्हटलं तर ते तिकीट काढू नका.