चिनी शिकताना आधी नुसतं पिनयिन करावं की पहिल्या दिवसापासून अक्षरं घ्यावीत?

तुमचा क्लास पहिले सहा महिने फक्त पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत, शिकवणार, चिनी अक्षरं नंतर, आणि हे बरोबर आहे का असं तुम्ही विचारलंय. त्यावर येतेच. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला जास्त झोंबलं. "सर म्हणाले टोनचं टेन्शन घेऊ नका, संदर्भावरून कळतं." टोन म्हणजे शब्द म्हणताना आवाजाचा चढ-उतार; चिनीत तो बदलला की अर्थ बदलतो. आमचेही सर हेच म्हणायचे. अगदी ह्याच शब्दांत.

दुभाषी म्हणून मी पहिल्यांदा ईवूला गेले ती मालाडच्या एका इमिटेशन ज्वेलरीवाल्या शेठबरोबर. ईवू म्हणजे शांघायच्या दक्षिणेला, जच्यांग प्रांतातला तो अफाट होलसेल बाजार. एका दुकानात केसांच्या क्लिपा पसंत पडल्या, भाव जमला, मी चौदा खोकी सांगितली. दुकानदार बाईंनी मान डोलावली, बिलबुकात खरडलं, कारखान्यात फोनसुद्धा करून टाकला. बयाणा द्यायची वेळ आली तेव्हा कॅल्क्युलेटर आमच्याकडे सरकवला. शेठनी आकडा बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. हिशोब चाळीस खोक्यांचा होता.

चिनीत दहा म्हणजे साधारण 'श', टोन चढता. चार म्हणजे 'स', टोन उतरता. चौदा 'श-स', चाळीस 'स-श'. दक्षिणेकडचे बरेच लोक 'श'चाही 'स'च करतात, म्हणजे त्यांच्या लेखी दोन्ही आकडे 'स-स'. मग उरतो फक्त टोन: चौदात आधी चढायचं मग उतरायचं, चाळिसात उलट. मी दोन्ही सपाट म्हणत होते, पाढे म्हटल्यासारखे. बाई चाळीस म्हणाल्या की मी आणखी मोठ्याने चौदा म्हणायचे, आणि त्या खूश होऊन "हो हो, चाळीस!" आता सांगा, आकड्याला कुठला आलाय संदर्भ?

काउंटरच्या मागे स्टुलावर त्यांची मुलगी गृहपाठ करत बसली होती, असेल दुसरी-तिसरीत. तिने पेन्सिल वर उचलली, "श", मग खाली मारली, "स". पुन्हा वर, पुन्हा खाली. मला तीन वेळा म्हणायला लावलं आणि मग आईला माझा अनुवाद करून सांगितला. शेठ काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसानंतर कॅल्क्युलेटर त्यांनी स्वतःच्या हातात ठेवला.

दोन वर्षं फी भरून जे मिळालं नाही ते त्या पेन्सिलीने दिलं. आणि अवघड काय होतं त्यात? फोनवर आपण विचारतो "हो?" तो चढता. वैतागून म्हणतो "हो!" तो उतरता. मराठी माणूस दिवसातून पन्नास वेळा हे करतो, त्याला ते कुणी दाखवत नाही एवढंच.

दुसरं म्हणजे पिनयिनची इंग्रजी अक्षरं. पिनयिन १९५८ साली मंजूर झालं ते चिनी लोकांच्या साक्षरतेसाठी आणि प्रमाण उच्चारासाठी. इंग्रजी वाचणाऱ्यांची सोय बघायला नव्हे. त्यातला 'बी' म्हणजे आपला प, 'पी' म्हणजे फळातला फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'झेड' हा चमच्यातला च, 'जे' हा चिवड्यातला च. दोन वेगवेगळे च जन्मापासून तोंडात असलेल्या लोकांना आपण इंग्रजीच्या दारातून चिनीत घालतो! परिणाम असा, की ससा म्हणायचं असतं 'थूच', आपण 'टी' बघून 'टूच' म्हणतो, आणि समोरच्याला 'तूच' ऐकू जातं, म्हणजे पोट. टोन दोन्हींचे सारखेच, त्यामुळे तेही वाचवत नाहीत. मी वहीत देवनागरीत लिहायचे म्हणून सरांनी सगळ्या वर्गासमोर "बालवाडीत जा" म्हटलं होतं. सर, मी बरोबर होते.

आता अक्षरं. सहा महिने नुसतं पिनयिन हा परीक्षेचा हिशोब आहे. एचएसके म्हणजे चिनी भाषेची अधिकृत परीक्षा; तिच्या नेहमीच्या सहा पातळ्यांत पहिल्या दोन पेपरांत अक्षरांबरोबर पिनयिन छापलेलं असायचं, तिसरीला ते गायब. दुसरीपर्यंत तीनशे शब्द पाठ करून पोरं पास होतात, क्लासच्या बोर्डावर फोटो लागतो, आणि तिसरीला पान उघडलं की डोळ्यांपुढे अंधार. फोनवर टाइप तर करायचंय ना? पिनयिन टाकलं की खाली अक्षरांची रांग येते, त्यातलं योग्य ते ओळखावंच लागतं. त्यामुळे ओळखायला पहिल्या आठवड्यापासून लागा. हाताने लिहायला मात्र थोडीच घ्या. चीनने २०२१मध्ये आणलेल्या नव्या नऊ पातळ्यांच्या मानकातही ओळखायची अक्षरं ३,००० आहेत आणि हाताने लिहायची १,२००.

तुम्हाला वर्षातून दोनदा माल आणायला जाण्यापुरतंच बोलायचं असेल तर अक्षरं सोडली तरी चालेल. देवनागरीही पहिले दोन-तीन महिनेच, तिच्यात टोन दिसत नाहीत. आणि सरांवर अन्याय नको: प्रत्येक अक्षर वीस वेळा गिरवायला लावायचे, आम्ही हसायचो, पण नदी, समुद्र, सूप या सगळ्यांच्या डावीकडे पाण्याचे तेच तीन थेंब असतात हे त्यातूनच हाताला कळलं.

फी भरायच्या आधी डेमो लेक्चरला एक करा. शिक्षकांना तुमच्याकडे पाठ फिरवून उभं राहायला सांगा आणि तुम्ही चौदा आणि चाळीस आलटून पालटून दहा वेळा म्हणा, दोन्हीकडे 'स'च म्हणून. त्यांनी हाताची बोटं दाखवायची, तुम्ही कुठला आकडा म्हणालात ते. बहुतेक बोटं चुकतील, तुमचीच चूक. त्यानंतर ते तुम्हाला दुरुस्त करतात की "होतं हळूहळू" म्हणतात, तेवढं बघा आणि मगच पाकीट काढा.