काकडीचं पाणी, कांद्याचे अश्रू आणि तीन महिन्यांची शुगर

पेशींविषयी प्रश्न पाठवा म्हटल्यावर मला वाटलं होतं, दहावी-बारावीची मुलं परीक्षेतले प्रश्न उतरवून पाठवतील. तसे आले, ते मी बाजूला ठेवले. निम्म्याहून जास्त प्रश्न मात्र स्वयंपाकाच्या ओट्यावरून आणि रक्ताच्या रिपोर्टवरून आले आहेत. पेशी म्हणजे रस भरलेली पिशवी असं आपल्या मनात शाळेतच बसतं आणि पुढचा सगळा घोळ तिथून होतो. पिशवीपेक्षा तिला चौसोपी वाडा म्हणा. कोण कुठल्या खोलीत राहतं आणि कुठलं दार कुणाला उघडतं, यावर तिथलं सगळं चालतं.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून ठेवलं की पानात वाढेपर्यंत पाणीच पाणी होतं. सासूबाई म्हणतात, मीठ आयत्या वेळी घाल. पण मीठ तर कोरडं, मग पाणी येतं कुठून? (गृहिणी, सांगली)

सासूबाईंचं ऐका. पाणी काकडीतलंच असतं. काकडीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी, पण ते असंख्य पेशींत वाटून ठेवलेलं असतं. वनस्पतीच्या वाढ पूर्ण झालेल्या पेशीत मधोमध एक मोठी रिक्तिका असते. नाव रिक्तिका असलं तरी ती रिकामी नाही. पाणी आणि त्यात विरघळलेल्या साखरा, क्षार, आम्लं यांनी गच्च भरलेली असते. पेशीची ८०-९० टक्के जागाही तीच अडवून बसते. तिच्या दाबाने पेशी फुगते आणि बाहेरची पेशीभित्तिका तिला फुटू देत नाही. सायकलची ट्यूब आणि टायर आठवा. ताजी काकडी दाताखाली कचकन तुटते, ती या दाबामुळेच.

आता मीठ घातलंत. फोडींच्या ओलाव्यात ते विरघळलं आणि पेशींच्या बाहेर आतल्यापेक्षा खूपच खारट द्राव तयार झाला. पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल पाण्याला वाट देतं, मिठाला सहजी देत नाही. मीठ आत जाऊन समतोल साधू शकत नाही, मग पाणीच बाहेर येतं. पुस्तकात याला परासरण म्हणतात. हे पटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाड असतं. वहीच्या एका कागदाएवढी जाडी व्हायला अशी दहाएक हजार पटलं एकावर एक रचावी लागतील. त्यात पाण्यासाठी वेगळ्या वाटा असतात. त्या वाटांची प्रथिनं पीटर अ‍ॅग्रे यांना तांबड्या रक्तपेशींत सापडली आणि २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काकडीच्या पेशींतही तशाच वाटा आहेत.

काकडी चोचवलीत तर आणखी एक गोष्ट होते: सुरीच्या घावाने पेशी थेट फुटतात, मग मिठाची वाटही न पाहता पाणी येतं. म्हणून खमंग काकडी पिळून घ्यायची आणि दाण्याचं कूट सढळ घालायचं. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवल्यावर सुटणारा खार हाही याच कुळातला. लोणचं टिकतं त्यातही याचा हात आहे, कारण फोडींवर येऊ पाहणाऱ्या जंतूंच्या पेशींतलं पाणीही मीठ असंच ओढून घेतं.

उलटा प्रयोगही तुम्ही रोज करता. मान टाकलेली कोथिंबिरीची जुडी पाण्यात उभी केली की तासाभरात ताठ होते. शिजलेली मेथी मात्र कितीही पाण्यात ठेवा, ताठ होणार नाही. उष्णतेने पटलंच मोडलेली असतात, दाब धरून ठेवायला कुणी उरलेलं नसतं. खात्री करायची असेल तर बीटच्या दोन फोडी नळाखाली स्वच्छ धुवा. एक गार पाण्यात टाका, दुसरी कडकडीत गरम पाण्यात. बीटचा रंग रिक्तिकेत असतो. गार पाण्यात तो जवळजवळ आतच राहील, गरम पाणी पाहता पाहता लालभडक होईल.

कांदा अख्खा असताना गरीब असतो, चिरला की रडवतो. तिखटपणा आधी कुठे असतो? (आयटी कर्मचारी, पुणे)

आधी तो नसतोच. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त कच्चा माल पेशीद्रव्यात असतो आणि त्याचं विघटन करणारं अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) रिक्तिकेत कोंडलेलं असतं. मध्ये फक्त एक पडदा. सुरीने तो फाडला की दोघांची गाठ पडते. तिथून पुढे आणखी एक विकर कामाला लागतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ साली शोधलं. २०१३ मध्ये त्याच कामाला ‘इग नोबेल’ मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक.

उपायही यातूनच निघतात. सुरीला धार असेल तर पेशी कमी चेचल्या जातात. कांदा फ्रिजमध्ये ठेवून गार केला तर विकरं मंदावतात. अख्खा उकडला तर ती निकामी होतात आणि रडण्याचा प्रश्नच मिटतो. लसणातही कच्चा माल आणि विकर वेगवेगळे ठेवलेले असतात. सोललेल्या अख्ख्या पाकळीला फारसा वास येत नाही आणि ठेचल्यावर घरभर येतो, तो त्यामुळेच.

डॉक्टर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी ही साखरेची तपासणी करायला सांगतात. कालच्या पेढ्याचा हिशोब चुकवता येतो, पण या तपासणीतून सुटका नाही म्हणतात. रक्ताला तीन महिन्यांपूर्वीचं कसं आठवतं? (निवृत्त शिक्षक, वर्धा)

रक्ताला आठवत नाही, सर. तांबडी रक्तपेशी स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही, म्हणून तिच्या अंगावर डाग राहून जातात.

ही पेशी अस्थिमज्जेत जन्मते तेव्हा तिच्यात केंद्रक असतं. पक्व होताना ती ते चक्क बाहेर टाकते आणि शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. पाठोपाठ ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या तंतुकणिका जातात, प्रथिनं बनवणारे रायबोझोमही जातात. उरतं ते पटल आणि आत ठासून भरलेलं हिमोग्लोबिन, एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू. तंतुकणिका नसल्यामुळे ती वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः वापरत नाही, साखरेचं ऑक्सिजनविना अर्धवट विघटन करून भागवते. खजिनदाराने तिजोरीला हात लावू नये तसं. रिकामी झाल्यामुळे ती लवचीकही होते. ७-८ मायक्रोमीटरची ही चकती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून निघून जाते. सगळ्या प्राण्यांत असं नसतं बरं का. कोंबडीच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शीखाली पाहिलात तर प्रत्येक तांबड्या पेशीत ठसठशीत केंद्रक दिसेल. ते टाकून देण्याची रीत आपल्या सस्तन कुळाची.

मात्र याची किंमत मोजावी लागते. केंद्रक नाही म्हणजे नव्या प्रथिनाची आज्ञा नाही, रायबोझोम नाहीत म्हणजे कारखानाही नाही. रक्तातली ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू, आपोआप चिकटते. त्याला विकर लागत नाही. दुसऱ्या पेशीने असं बिघडलेलं प्रथिन मोडून नवं केलं असतं. तांबडी पेशी ते तसंच घेऊन सुमारे १२० दिवस फिरते, मग प्लीहा आणि यकृत तिला मोडीत काढतात. एचबीए१सी म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी. नमुन्यात सगळ्या वयाच्या पेशी असतात म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी मिळते. त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे तपासणीआधी महिनाभर शहाण्यासारखं वागणाऱ्यांना थोडी सवलत मिळते. (हे मी सांगितलं म्हणून घरी सांगू नका.)

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. हा सगळा हिशोब पेशी १२० दिवस जगते हे धरून केलेला आहे. तुम्ही विदर्भातले, तिथे आणि नंदुरबारकडे सिकलसेल बरंच आढळतं. त्या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं, पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि काही आठवड्यांतच नष्ट होते. अशा माणसात साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा, कमी येतो. नुकतंच रक्त चढवलं असेल, बराच रक्तस्राव झाला असेल किंवा लोह कमी असेल तरी आकडा हलतो. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर रिपोर्ट वाचण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.

आम्ही मराठी, पण मुलगा हिंदी माध्यमात. त्याच्या पुस्तकात ‘पेशी’ म्हणजे चक्क स्नायू! कोण चुकतंय? (पालक, इंदूर)

कुणीच नाही. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. हिंदीने तो अर्थ धरून ‘मांसपेशी’ केलं आणि आपल्या पेशीला ‘कोशिका’ म्हटलं. आपण म्हणतो तो स्नायू हिंदीत गेला की कधी अस्थिबंध होतो, कधी मज्जातंतू. विदर्भात तर कोर्टाची तारीखही ‘पेशी’च असते. खरं सांगायचं तर इथे मला हिंदी शब्द अधिक आवडतो. रॉबर्ट हुकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिल्या त्या छोट्या खोल्याच होत्या, आणि कोश त्याला जवळचा. त्या खोल्या रिकाम्या होत्या, कारण बुचाच्या पेशी मेलेल्या असतात. हुकला दिसल्या त्या नुसत्या भिंती.

दर सात वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते, असं व्याख्यानात ऐकलं. खरं का? (वाचक, ठाणे)

नाही. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. तांबड्या पेशी १२० दिवसांनी जातात, आणि त्यांची संख्या सुमारे २५ लाख कोटी असल्याने अस्थिमज्जेला रोज २० हजार कोटींच्या आसपास नव्या बनवाव्या लागतात. उलट मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी तुमच्याच वयाच्या असतात.

हे कळलं कसं, ती गोष्ट वाचण्यासारखी आहे. १९५० च्या दशकापासून १९६३ च्या करारापर्यंत अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या हवेत झाल्या. त्यामुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, जवळपास दुप्पट झाला आणि नंतर दरवर्षी थोडा थोडा उतरत गेला. तो गव्हात उतरला, पोळीतून पोटात गेला आणि नव्या पेशीच्या डीएनएत बसला. पेशी पुन्हा विभागली नाही तर तो डीएनए बहुतांशी तसाच राहतो, म्हणजे पेशीवर जन्मसालाचा शिक्काच. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ पासून हे शिक्के वाचले. हृदयाच्या स्नायूपेशी तरुणपणी वर्षाला सुमारे एक टक्का बदलतात, म्हातारपणी त्याच्या निम्म्याच. म्हणजे आयुष्यभरात अर्ध्याही बदलत नाहीत. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला भाग भरून का येत नाही, याचं उत्तर यात आहे.

सफरचंदाच्या मूळपेशींची क्रीम लावली तर त्वचेच्या पेशी तरुण होतात का? (वाचक, नाशिक)

मूळपेशी म्हणजे जिच्यापासून इतर पेशी तयार होतात ती. सफरचंदाच्या मूळपेशीला फार तर सफरचंदाचं झाड करता येतं. डबीत ती जिवंतही नसते. तिचा अर्क असतो, आणि तो तुमच्या त्वचेच्या पेशींना हुकूम सोडू शकत नाही. त्या पैशांची सफरचंदं आणा.

जनुकं आई-वडिलांकडून निम्मी निम्मी येतात. मग तंतुकणिका फक्त आईकडून, हे कसं? (बीएस्सीची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

केंद्रकातली निम्मी निम्मी, हे बरोबर. तंतुकणिकांना मात्र स्वतःचा छोटा डीएनए असतो. केंद्रकातल्या सुमारे ३०० कोटी अक्षरांपुढे १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. बीजांडात तंतुकणिका लाखाच्या घरात, शुक्राणूत फार तर शंभरेक. त्यासुद्धा फलनानंतर वेचून नष्ट केल्या जातात. तुझ्या भावालाही त्या आईच्याच मिळाल्या आहेत, पण तो पुढे देणार नाही.

वेगळा डीएनए का, याचं उत्तर जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ च्या लेखात मांडलं: तंतुकणिका म्हणजे एके काळी दुसऱ्या पेशीत वस्तीला आलेला जीवाणू. अनेक नियतकालिकांनी आधी तो लेख परत पाठवला होता. तंतुकणिकेला दोन आवरणं असतात. तिचे रायबोझोमही जीवाणूंच्या वळणाचे, आणि त्याचा त्रास आपल्याला झालेला आहे. विषमज्वरावर पूर्वी सर्रास दिलं जाणारं क्लोरॅम्फेनिकॉल जीवाणूंचे रायबोझोम बंद पाडतं. त्याच झपाट्यात आपल्या तंतुकणिकांचेही पडतात आणि अस्थिमज्जेचं काम मंदावतं.

तंतुकणिकांचे आजार आईकडून मुलाकडे जातात. ते टाळायला ब्रिटनने २०१५ मध्ये दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडातल्या निरोगी तंतुकणिका वापरायला कायद्याने परवानगी दिली. न्यूकॅसलच्या गटाने २०२५ मध्ये अशी आठ बाळं जन्मल्याचं जाहीर केलं. ‘तीन पालकांचं मूल’ ही बातम्यांतली भाषा मला मात्र भडक वाटते. तिसरीचा वाटा ३७ जनुकांचा आहे.

मॅडम, शाळेत कांद्याचा पापुद्रा आयोडीन घालून पाहिला. नुसत्या विटा आणि ठिपके दिसले. पुस्तकातलं रंगीत काहीच दिसत नाही. (इयत्ता नववी, सावंतवाडी)

पुस्तकातले रंग चित्रकाराचे आहेत, फसू नकोस. शिवाय आयोडीनने तू त्या पेशी मारल्यास. जिवंत पेशी पाहायच्या तर बागेतल्या ऱ्हिओचं पान घे, ते खालून जांभळं असतं. त्या बाजूचा पापुद्रा साध्या पाण्यात ठेवून बघ, मग कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोड. जांभळा रंग भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होताना दिसेल. सांगलीच्या काकूंच्या कोशिंबिरीत हेच होत होतं.

मग तळ्यातली हायड्रिला आण. तिचं पान दोनच पेशींच्या थराचं असतं, कापायची गरज नाही. पान पाण्याच्या थेंबात ठेव, मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींवर नजर रोख आणि पाच मिनिटं थांब. सुरुवातीला हिरवे दाणे स्वस्थ वाटतील. दिव्याची ऊब लागली की ते भिंतीच्या कडेने रांगेत फिरायला लागतील.