फसवणूक पकडायला विकत घेतलेल्या डेटाचा दर मशीन लर्निंगने ठरवता येतो का?

तुमची कंपनी दुचाकीला कर्ज देते, खोटे अर्ज हेरायला तीन-चार जणांकडून डेटा विकत घेते, आणि आता साहेबांचं म्हणणं, शॅप (मॉडेलच्या निर्णयात कोणत्या माहितीचा किती वाटा, हे मोजायची रीत) काढा नि त्यावरून प्रत्येकाचा दर ठरवा. ठरवता येतो. फक्त शॅपचा तयार आलेख उघडून ठरवू नका. त्या आलेखाने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात घरी बसून हेच काम करतो. आमच्याकडे कापूस वेचणीचा हिशोब सोपा असतो, जितके किलो तितके पैसे. सोयाबीन हडंब्यावर (मळणी यंत्रावर) काढताना तसं जमत नाही. एक जण पेंढ्या देतो, दुसरा आत सारतो, तिसरा पोतं धरतो. दाणा कोणामुळे पडला? डेटा पुरवणारे म्हणजे ही हडंब्यावरची टोळी. असल्या वाटणीचं गणित लॉइड शॅपली यांनी १९५३ मध्ये मांडलं (अर्थशास्त्राचं नोबेल २०१२ मध्ये), आणि २०१७ मध्ये स्कॉट लुंडबर्ग व सू-इन ली यांनी ते मॉडेलचा निर्णय उलगडायला वापरलं. तेच शॅप.

समजा अ, ब, क असे तीन पुरवठादार. एकटा अ वर्षाला १० लाखांचं नुकसान वाचवतो, एकटा ब पण १०, एकटा क शून्य. अ आणि ब मिळूनही १०च, कारण दोघं एकच माहिती विकतात. क त्यांच्यातल्या कोणासोबतही आला की १६, आणि तिघं मिळूनही १६. आता 'एकाला काढून बघू' या रीतीने अ काढला तरी १६, ब काढला तरी १६. म्हणजे दोघंही फुकट? शॅपलीच्या रीतीने तिघं ज्या सहा क्रमांनी येऊ शकतात ते सगळे घेऊन प्रत्येकाने घातलेल्या भरीची सरासरी काढायची: अ ६, ब ६, क ४. बेरीज बरोबर १६. तरी मी अ आणि ब दोघांनाही पैसे देणार नाही, त्यातला स्वस्त ठेवीन. न्याय्य वाटा वेगळा, खरेदीचा निर्णय वेगळा.

एका पुरवठादाराचे सगळे रकाने एकच घटक धरा. पाच पुरवठादार असले तरी ३२ गट होतात, तेवढी मॉडेलं एका रात्रीत चालून जातात. आणि मोजायचं ते वाचलेल्या रुपयांत, अचूकतेत नाही. हजारात पाचच अर्ज खोटे असतील तर 'सगळे खरे' म्हणणारं मॉडेलही ९९.५ टक्के अचूक ठरतं.

आता माझी फजिती. आलेखात सगळ्यात वर होता डिव्हाइसची माहिती देणारा. एकाच फोनवरून पुष्कळ अर्ज म्हणजे टोळी, असं मॉडेल शिकलं होतं. मी 'याचा दर वाढवा' असं लिहून मोकळा झालो. पोळ्याच्या सुमारास गावातल्या सेवा केंद्रावर गेलो, तर तिथला पोरगा म्हणाला, "भाऊ, माह्या मोबाईलवरून भरलेले सारे फॉर्म रिजेक्टच होते ना बावा." चार गावांचे अर्ज तो एकटा भरत होता! शॅपने मला एवढंच सांगितलं होतं की तो रकाना मॉडेलला किती ओढतो. बरोबर दिशेला ओढतो का, हे नाही. (पत्ता जुळवणाऱ्या पुरवठादाराची गंमत आणखी वेगळी. त्याला बु. आणि खु. एकच गाव वाटायचं.)

त्याहून वाईट म्हणजे नाकारलेला अर्ज पुढे खरा निघाला असता की खोटा, हे कधी कळतच नाही. तुमच्या नोंदीत 'फसवणूक' हा शिक्का त्याच पुरवठादाराच्या इशाऱ्यावरून बसत असेल, तर तो स्वतःचाच पेपर तपासतोय. आम्ही मग संशयित अर्जांतले थोडे चिठ्ठ्या टाकून निवडले, माणूस घरी पाठवून तपासले आणि फक्त त्या निकालांवर वाटे पुन्हा काढले. डिव्हाइसवाला पहिल्यावरून तिसऱ्यावर आला.

हे वाटेही दर हंगामाला नव्याने काढावे लागतात. सेवा केंद्रातला तो पोरगा आता प्रत्येकाचा अर्ज ज्याच्या-त्याच्याच फोनवरून भरतो.