तुमचं कॉम्प्युटरचं कोण बघतं?

मित्रा, कॉम्प्युटर देखभालीच्या तुझ्या धंद्यात वेबसाइट झकास झाली की फोन वाजायला लागतील, या भरवशावर राहू नकोस. भोसरी एमआयडीसीतला छोटा कारखानदार नवा आयटीवाला हवा असला की आधी आपल्या सीएला नाहीतर शेजारच्या गाळेवाल्याला विचारतो. तिथे तुझं नाव निघायला हवं. म्हणून जाहिरातीवर खर्च करण्याआधी दोन-चार सीएंना भेट. टॅलीच्या डेटाचा बॅकअप खरंच परत उघडतो का, ते त्यांच्याच मशीनवर करून दाखव. फक्त २० तारखेच्या तोंडावर जाऊ नकोस, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायची घाई असते.

दर पाडला की काम टिकतं, हाही गैरसमजच. असं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आणखी स्वस्त माणूस शोधतं. त्यापेक्षा एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, कोटेशनमध्ये किती तासांत माणूस येईल, कोणते सुटे भाग धरलेत, कोणते नाहीत, हे स्वच्छ लिही.

कार्डावर 'सर्व प्रकारची आयटी कामं' छापू नकोस, कुणाच्या लक्षात राहत नाही. गुगलवरची बिझनेस प्रोफाइल मात्र आजच भर, फुकट आहे. नाव ऐकलेले लोक नंबर तिथेच शोधतात. काम झालं की गिऱ्हाइकाकडून तिथे दोन ओळी लिहून घे. मागायला अजिबात लाजू नकोस.