वाढदिवसाला आठ मैत्रिणींना घरी चहाला बोलवायचंय, जेवण नाही. मी स्वयंपाकघरात अडकून न पडता हे कसं जमवू?

तुमची काळजी अगदी रास्त आहे. वाढदिवस तुमचा आणि गप्पा ऐकायच्या ओट्यापाशी उभं राहून, असं व्हायला नको. यावर मला पटलेला उपाय एकच: मैत्रिणी आल्यावर करायचं काम फक्त चहाचं उरलं पाहिजे, आणि तेही सगळ्यांमध्ये बसून. बाकी सगळं त्याआधीच उरकलेलं हवं.

विजेची केटल बैठकीच्या खोलीतच लावा. कप, दूध, साखर, गाळणी शेजारी मांडून ठेवा. एक लिटरच्या किटलीत साधारण पाच कप चहा होतो, म्हणजे आठ जणींना दोन किटल्या हव्यात. एक मैत्रिणीकडून मागून आणलीत तरी चालेल. किटली आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्या, नाहीतर गार भांडंच पाण्याची बरीच धग पिऊन टाकतं. काळ्या चहाला पाणी खळखळ उकळलेलं हवं, कपामागे साधारण २ ग्रॅम पत्ती, म्हणजे एक छोटा चमचा, आणि झाकून ३ ते ५ मिनिटं. ग्रीन टी कुणी पिणार असेल तर पाणी थोडं निवू द्या. ७० ते ८० अंशांना तो छान उतरतो, उकळत्या पाण्यात कडू होतो.

पहिला कप सहसा सगळ्यांचाच चांगला होतो, बिघडतो तो दुसरा. पत्ती किटलीत तशीच राहिली की टॅनिन उतरत राहतं आणि चहा तुरट होतो. म्हणून वेळ झाली की चहा दुसऱ्या गरम किटलीत गाळून घ्या आणि वर टिकोझी, म्हणजे किटली गरम ठेवणारं जाड कापडी आवरण, घाला. दूध घालून उकळलेलाच चहा आवडत असेल तर तो मैत्रिणी येण्याच्या जरा आधी करून, गाळून थर्मासमध्ये भरा. पण मग तो लवकर संपवा, फार वेळ ठेवलेल्या दुधाच्या चहाची चव उतरते. संध्याकाळी चहा घेतला की रात्री झोप न येणारी एखादी असतेच. तिच्यासाठी पुदिन्याचा किंवा आल्याचा काढा ठेवा, त्यात कॅफिन नसतं.

खायला तीन गोष्टी पुरे: सँडविच, केक, कापलेली फळं. पदार्थ वाढले की तुमचं उठणंही वाढतं. काकडीचं सँडविच आधी करून ठेवता येतं, फक्त काकडीला सुटणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त हवा. पातळ चकत्यांना मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा, मग स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. दोन्ही स्लाइसना मऊ लोणी अगदी कडेपर्यंत लावा. लोण्याच्या थरामुळे ब्रेडला ओल लागत नाही. कडक लोणी फासायला गेलात तर ब्रेड फाटेल. तयार सँडविचवर घट्ट पिळलेलं ओलसर कापड घालून फ्रिजमध्ये ठेवा, कडा मात्र आयत्या वेळी कापा.

केक लोण्याचा असेल तर आदल्या दिवशी करा. दुसऱ्या दिवशी तो कापताना कमी भुगा होतो. फ्रिजमध्ये ठेवला असेल तर तासभर आधी बाहेर काढा, कारण गारठलेल्या लोण्यामुळे केक घट्ट लागतो. ताज्या क्रीमच्या केकचं उलट: कापायच्या वेळीच बाहेर काढायचा आणि दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचा नाही.

केक दारातून आल्या आल्या कापू नका, हे माझं ठाम मत. पहिला कप होऊ द्या. तोवर उशिरा येणाऱ्याही पोचतात, आणि सँडविचनंतर गोड जास्त छान लागतं.

आठही जणी एकमेकींना ओळखत नसतील, तर फक्त तुमच्याच ओळखीची जी असेल तिला स्वतःच्या शेजारी बसवा आणि कप भरून पुढे द्यायचं काम तिच्याकडे द्या. हाताला काम असलं की अवघडलेपण लवकर जातं, शिवाय प्रत्येकीशी दोन शब्द आपोआप होतात.

आणि निमंत्रणात ‘चार ते साडेसहा, फक्त चहा’ असं स्पष्ट लिहा. मग दुपारचं कुणी अर्धपोटी राहून येत नाही आणि रात्रीच्या जेवणाचं काय, हा प्रश्न कुणाला पडत नाही.