गिअरबॉक्सचं फाउंडेशन बदलल्यावर गाडी थरथरते. गॅरेजकडून पैसे परत मिळतील का?

प्रश्न : माझी डिझेलवरची सात आसनी गाडी मागच्या चाकांवर चालते. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं फाउंडेशन (त्याला खालून आधार देणारा रबरी माउंट) बदलून घेतलं. पार्ट आणि मजुरी मिळून ६,८०० रुपये दिले. साताऱ्याला परत येताना ५५ ते ७० च्या वेगात सीटखालून थरथर जाणवू लागली. ती आधी नव्हती. गॅरेजवाले म्हणतात, गाडी जुनी आहे, शाफ्टचे क्रॉस (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचे वळते सांधे) गेलेत, आणखी १८,००० लागतील. गाडी घेताना जॉब कार्डवर ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली मी सही केली होती. साताऱ्यातला मेकॅनिक ‘दोन तासांत नीट करून देतो’ म्हणतो. करून घेऊ का? झालेला खर्च वसूल होईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : साताऱ्यातल्या मेकॅनिकला एवढ्यात पाना लावू देऊ नका. एकदा बोल्ट सैल झाले की पुण्याच्या गॅरेजने काय केलं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुमची तक्रार तिथेच लंगडी पडेल. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावरच असते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘आधी नव्हती, नंतर सुरू झाली’ एवढ्याने भागत नाही. कारण दाखवावं लागतं.

थरथर कशाशी बांधलेली आहे, ते आधी पाहा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ६० चा वेग एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये धरा. दोन्ही वेळा थरथर सारखीच असेल, तर दोष शाफ्टच्या किंवा चाकांच्या बाजूला आहे. गिअर बदलल्यावर ती बदलत असेल, तर इंजिन, फाउंडेशन किंवा कुठेतरी टेकलेला सायलेन्सर पाइप तपासावा लागेल. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर कमी होते का, हेही टिपा. हे सगळं शेजारी बसलेल्या माणसाला स्पीडोमीटर दिसेल असं चित्रित करायला सांगा. मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. गॅरेजशी झालेले व्हॉट्सॲप संदेशही पुसू नका.

मग साताऱ्याच्या मेकॅनिककडून फक्त तपासणी करून घ्या आणि सहीशिक्क्याची लेखी नोंद मागा. तीत तारीख, गाडीचा क्रमांक, किलोमीटरचा आकडा आणि फोटो हवेत. मोजमाप गाडी चारही चाकांवर उभी असताना, गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. दोन खांबी लिफ्टवर मागचा ॲक्सल खाली लोंबतो आणि शाफ्टचे कोन बदलतात. असं मोजमाप समोरचा वकील एका प्रश्नात उडवून लावेल.

पाहायचं ते असं. नव्या फाउंडेशनवरचा पार्ट नंबर तुमच्या मॉडेलचाच आहे का? दुसऱ्या मॉडेलचं फाउंडेशन काही मिलिमीटर उंच असलं, तरी गिअरबॉक्सचं शेपूट वर उचललं जातं आणि क्रॉसचा कोन बिघडतो. साधारणपणे शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसच्या कोनांत एका अंशाहून जास्त फरक नसावा. कंपनीचा आकडा मिळाला तर तोच धरा. क्रॉस मेंबर, म्हणजे फाउंडेशन ज्यावर टेकतं तो आडवा पट्टा, उलटा बसवला आहे का? रबर पिळलेलं दिसतं का? जॅकवर वजन असतानाच बोल्ट आवळले की असं होतं. खरं तर बोल्ट आधी हाताने लावायचे, गिअरबॉक्स आपल्या वजनाने बसू द्यायचा आणि मग टॉर्क पान्याने आवळायचे. शाफ्ट काढला असेल, तर फ्लँजवरच्या (शाफ्ट बोल्टने जोडायच्या तबकडीवरच्या) खुणा जुळतात का? स्प्लाइन, म्हणजे शाफ्टचा दातेरी जोड, एक दात चुकला आणि दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहिले नाहीत, तर नेमकी तुम्ही वर्णन केलीत तशी थरथर येते. यातलं काही सापडलं, तर तुमची बाजू भक्कम आहे.

आता गॅरेजची बाजू. ती अगदीच पोकळ नाही. जुनं फाउंडेशन दबून खाली बसलेलं असताना क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एका कोनात झिजून खाचा पाडतात. नव्या फाउंडेशनने कोन बदलला की ती झीज अंगावर येते. क्रॉसला हाताने हलवल्यावर ढिलाई असेल, कपाच्या तोंडाशी तांबूस गंजाची पूड दिसत असेल, तर झीज आधीचीच. मग ६,८०० परत मागण्याचा हट्ट टिकणार नाही. फार तर, काम घेताना क्रॉस तपासून सांगायला हवं होतं, एवढाच मुद्दा उरतो. नोंद करणाऱ्या मेकॅनिकला हेही प्रामाणिकपणे लिहू द्या.

सहीची चिंता करू नका. गॅरेजच्या दारात उभं राहून ६० च्या वेगातली थरथर कळत नाही, आणि छापील ओळीखालच्या सहीने त्रुटीबद्दलचा हक्क संपत नाही. ‘फसवणुकीचा गुन्हा दाखल करू का’ हा विचार मनात असेल तर सोडा. चुकलेलं काम म्हणजे फसवणूक नव्हे. नवं सांगून जुनंच फाउंडेशन बसवलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणून काढलेला जुना पार्ट लेखी मागून घ्या.

तपासणीची नोंद जोडून गॅरेजला स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि १५ दिवसांची मुदत द्या. मागणी अशी ठेवा : दोष विनाशुल्क दूर करा, नाहीतर ६,८०० रुपये, तपासणीचा खर्च आणि दुसरीकडे दुरुस्तीचा खर्च द्या. मनस्तापाचे पाच लाख लिहू नका. अशा आकड्याने खऱ्या मागणीचंही वजन जातं. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एवढ्या रकमेचे वाद बरेचदा इथेच मिटतात, आणि मिटले तर मिटवावेत.

नाहीच मिटलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तुम्ही साताऱ्यात राहता, तेव्हा कलम ३४ नुसार सातारा जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येते. पुण्याला खेटे घालायची गरज नाही. आयोगाचं अधिकारक्षेत्र आणि शुल्क दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, कलम ६९. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. मेकॅनिकचं शपथपत्र जोडा, नुसत्या चिठ्ठीपेक्षा त्याला मान आहे.

नोटिशीची मुदत संपली आणि उत्तर आलं नाही, की साताऱ्यात काम करून घ्या. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत ठेवा आणि पक्कं बिल घ्या. तोवर गाडी शक्यतो उभीच ठेवा. थरथरत्या शाफ्टवर महिनोन् महिने चालवून शाफ्टला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग घालवलंत, तर ते नुकसान टाळता आलं असतं, असा बचाव करार कायद्याच्या कलम ७३ च्या आधारे होईल. शिवाय क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो, ते वेगळंच.

गॅरेजने ‘घेऊन या, बघतो’ म्हटलं, तर गाडी जरूर न्या, पण नव्या जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहा : ‘फक्त फाउंडेशनच्या कामाची विनाशुल्क तपासणी व दुरुस्ती. लेखी अंदाज व माझ्या संमतीशिवाय अन्य काम करू नये.’ हे नसेल आणि त्यांनी १८,००० चे क्रॉस बदलून टाकले, तर तुमची संमती होती म्हणत करार कायद्याच्या कलम १७० खाली बिलाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा दावा ते करू शकतील. कार्डाचा फोटो काढल्याशिवाय किल्ली देऊ नका.