वाचकांचे प्रश्न : बेटावरचा एक दिवस

प्रश्न : आमचे क्रूझ जहाज दक्षिण प्रशांत महासागरातील वानुआतू या देशातील ‘मिस्टरी आयलंड’ या लहानशा बेटापाशी सकाळी आठपासून सायंकाळी पाचपर्यंत थांबणार आहे. एवढ्या नऊ तासांत ते बेट पाहून समोरच्या अनेइत्यूम या मोठ्या बेटावरही जाऊन यावे, असा आमचा विचार आहे. सोबत सासूबाई असून त्यांचे गुडघे दुखतात. हे जमेल का?

उत्तर : प्रथम ते नऊ तास मनातून काढून टाका. वेळापत्रकातील आठ ही जहाज येऊन थांबण्याची वेळ आहे, तुमचे पाऊल वाळूला लागण्याची नव्हे. मोठे जहाज लागू शकेल असा धक्का या बेटाला नाही. त्यामुळे जहाज खोल पाण्यातच उभे राहते आणि प्रवाशांना ‘टेंडर’ म्हणवल्या जाणाऱ्या छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. एवढी माणसे थोडी थोडी करून उतरवायची म्हणजे सकाळी रांग लागणारच. परतीची शेवटची बोटही जहाज सुटण्याच्या बरीच आधी निघते. हिशेब केला तर हाती सुमारे सहा तास राहतात. तेही समुद्र शांत असेल तर, कारण लाटा वाढल्यास कप्तान उतरणेच रद्द करू शकतो आणि त्या निर्णयाविरुद्ध कोणाचे काही चालत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : एकच बेट पाहा. अनेइत्यूमला स्वतंत्रपणे बोट ठरवून गेलात आणि परतायला उशीर झाला, तर जहाज तुमच्यासाठी थांबण्याची खात्री नाही. जहाजानेच आयोजित केलेल्या सहलीची गोष्ट वेगळी, तिला उशीर झाल्यास सहसा थांबले जाते. आणखी एक सूचना, जी वाचून अनेकांना हसू येते : मोबाइलवरच्या वेळेवर विसंबू नका. जहाजाचे घड्याळ आणि बेटाचे घड्याळ नेहमी जुळतेच असे नाही, म्हणून उतरताना जहाजाची वेळ लावलेले साधे मनगटी घड्याळ बांधावे.

सासूबाईंना अवश्य न्या. मात्र बेटावरील चालण्यापेक्षा बोटीत पाऊल टाकण्याचा तो एक क्षण अवघड असतो. लाटेबरोबर बोट वर-खाली होते, खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात आणि त्यांनी ‘आता’ म्हटल्यावरच पाऊल उचलायचे असते. हातात पिशवी नको, ती पाठीवर असावी. पहिली झुंबड ओसरल्यावर निघालात तर हे सारे घाई न होता पार पडेल.

बेट इतके लहान आहे की तासाभरात सावकाश प्रदक्षिणा होते. त्याचे स्थानिक नाव इन्येउग. तेथे कायमची वस्ती नाही, पण अनेइत्यूमची धावपट्टी मात्र याच बेटावर आहे. जहाज येणार असले की अनेइत्यूमचे लोक होड्यांतून येऊन दुकाने मांडतात. हे बेट भुताखेतांचे आहे अशी त्यांची जुनी समजूत असल्याने रात्री तेथे कोणी राहत नसे. 1844 मध्ये जेम्स पॅडन या व्यापाऱ्याने चंदनाच्या व्यापारासाठी आपले ठाणे नेमके याच बेटावर थाटले होते. जहाजांबरोबर पुढे गोवरासारखे रोगही आले आणि अनेइत्यूमची लोकसंख्या भयंकर घटली. तुमच्यापैकी कोणाला ताप किंवा खोकला असेल, तर हा इतिहास आठवून त्याने जहाजावरच थांबावे, हे बरे.

खरे पाहण्यासारखे आहे ते पाण्याखाली. डोळ्यांवर मुखवटा आणि तोंडात स्नॉर्केलची नळी असली की किनाऱ्याजवळच प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. प्रवाळावर पाय मात्र कदापि ठेवू नका. त्याच्या गोलाकार, भरीव जाती वर्षाला जेमतेम दोन सेंटिमीटरपर्यंत वाढतात, त्यामुळे एका पावलाने मोडलेला तुकडा भरून यायला अनेक वर्षे लागतात. शिवाय त्याच्या ओरखड्याची जखम लवकर भरत नाही. पोहताना लांब बाह्यांचा अंगरखा घालावा; पाठ पाण्यावर उघडी राहते आणि ऊन लागल्याचे संध्याकाळपर्यंत कळत नाही. तुम्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेस असाल आणि तेथे वर्षाचा बहुतेक काळ मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो, हेही ध्यानात ठेवा. सवयीने सावली जिकडे सरकेल असे वाटते, तिकडे ती सरकत नाही आणि सासूबाईंची बैठक अर्ध्या तासात उन्हात येते.

प्रश्न : तेथे खरेदीसाठी कोणते पैसे चालतात? मुलीला शंख-शिंपले आणायचे आहेत.

उत्तर : देशाचे चलन वातू, जहाजावरच्या प्रवाशांकडून ऑस्ट्रेलियन डॉलरही घेतले जातात. नोटा लहान रकमेच्या असाव्यात, कारण बेटावर एटीएम नाही. किनाऱ्यावरून शंख उचलू नका. शंकूच्या आकाराच्या काही शंखांत जिवंत, विषारी गोगलगाय असते आणि तिचा दंश प्राणघातक ठरू शकतो. कठीण प्रवाळ आणि महाकाय शिंपले यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असल्याने विकत घेतलेली वस्तूसुद्धा सीमाशुल्क तपासणीत जप्त होऊ शकते. विणलेली टोपली घ्यावी.

प्रश्न : मलेरियाची गोळी घ्यावी का?

उत्तर : अनेइत्यूमवर 1991 मध्ये सर्व रहिवाशांना औषधे आणि मच्छरदाण्या देऊन मलेरिया हटवण्याची मोहीम राबवली गेली. ती यशस्वी झाली आणि वैद्यकीय साहित्यात तिचा आवर्जून उल्लेख होतो. परंतु तुमचे जहाज वानुआतूच्या इतर बेटांवरही थांबणार असेल, तर गोळीचा निर्णय पूर्ण मार्ग डॉक्टरांना दाखवून घ्यावा. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, त्यामुळे डास पळवणारे मलम दिवसाही लावावे. आधी सनस्क्रीन, ते सुकल्यावर मलम.